कार्डाचा फॉर्म

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला सांगितलेलं नाही, आणि माझ्या गाईड मॅडमना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? एक म्हणजे तुम्ही मला ओळखत नाही. आणि दुसरं — गेल्या महिन्यात पाटोद्याच्या बाजारात एक बाई भेटली, तिच्याशी मी जे बोलले त्यानंतर हे पोटात ठेवणं जमेना झालं. तिला इथं सुमनबाई म्हणते. खरं नाव वेगळं आहे. गावाचं नावही घेत नाही. निदान एवढा एक नियम तरी पाळावा म्हणते, तेव्हा पाळला नाही तो नाही.

आधी माझं सांगते. आमचं पाटोद्यात किराणा दुकान. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं बाजारच्या दिवशी आमच्याकडून तेल-मीठ नेणार, दुकानापुढच्या बाकड्यावर टेकणार आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, घरचं सगळं सांगत बसणार. मी त्या दुकानात वाढले. बीडला बी.ए. केलं, मग समाजकार्याला, एमएसडब्ल्यूला गेले, आणि दुसऱ्या वर्षाला मानवी हक्क हा विषय घेतला. पोरगी काय शिकते असं कुणी विचारलं की अप्पा म्हणायचे, "हक्काचं शिकायली." ऐकणाऱ्याला वाटायचं, वकिली. अप्पा काही दुरुस्त करायचे नाहीत. समोरच्याचा गैरसमज सोयीचा असला की गप्प बसायचं, ही आमच्या घरचीच खोड म्हणायची — नको. अप्पांना कशाला मधे ओढू? हे माझं एकटीचं आहे.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो. मी विषय घेतला ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा. यातल्या कितीतरी जणींची पिशवी काढलेली असते — गर्भाशयाला आमच्याकडे पिशवीच म्हणतात. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं का? कळून-सवरून होकार दिला होता, की नुसताच कागदावर अंगठा? एवढाच माझा प्रश्न. चाळीस बायकांशी बोलायचं होतं. आणि प्रत्येकीशी बोलायच्या आधी माझं स्वतःचं संमतीपत्र तिला वाचून दाखवायचं, समजावायचं, मग सही किंवा अंगठा घ्यायचा. "तिला समजलं नसेल तर त्या अंगठ्याला काडीचाही अर्थ नाही," असं मॅडम वर्गात बजावून सांगायच्या. परीक्षेत मी त्यावर चार पानं लिहिली होती. त्या पेपरात वर्गात पहिली आले होते मी!

आता हसा तुम्ही.

दसऱ्याच्या तोंडावर मी गावात गेले. उशीरच झाला होता. टोळ्या निघायला पंधरा दिवस राहिलेले, म्हणजे जे काही करायचं ते त्यातच. एकदा माणसं कारखान्यावर गेली की सहा महिने गाव रिकामं. पहिले दोन दिवस मी अगदी नियमानं वागले. शाळेच्या ओट्यावर बसून दोन पानी संमतीपत्र वाचायचे — "सदर संशोधनातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून" — आणि पुढचं समजावून सांगायचे. बायका ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, मिळायचं काय? मी खरं सांगायचे, काही नाही. मग कशापायी अंगठा द्यावा, म्हणत त्या उठायच्या. रागानं नाही हो. सोयाबीन काढायला आलेलं, घरात निघायची बांधाबांध, कुणाला वेळ होता? दोन दिवसांत माझ्या दोन मुलाखती झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीत बसले तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

त्या दिवशी ओट्यावर एक म्हातारी बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ती आपणहून सांगत होती, "अप्पांची पोरगी हाय, दुकानवाल्या. कार्डाचा फॉर्म भरून घ्यायली." कसलं कार्ड? तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून बायकांना तपासणीचं कार्ड मिळणार, ते दाखवलं की बीडला पुढचे इलाज फुकट, अशी बोलवा गावात होती. बोलवा खरीच होती. फक्त त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता. पण म्हातारीनं तो जोडला आणि बघता बघता ओट्यावर बायका जमल्या.

मी काय केलं? काही केलं नाही. पिशवीतून स्टॅम्प पॅड काढलं.

बघा, इथंच थांबावं असं वाटतंय मला. "मी खोटं बोलले नाही, फक्त गप्प राहिले" — इतकी वर्षं मनाशी मी हेच म्हणत आले. पण ते तसं नाही. सुमनबाई दुपारी आली. चाळिशीही गाठली नसेल, पण बसताना भिंतीला धरून बसली. पिशवी काढल्यापासून कंबर आणि ओटीपोट सतत दुखायचं, उसाची मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. तिनं मला सगळं सांगितलं, तासभर. खाजगी दवाखान्यात ऑपरेशन केलं तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "सांगितलं आसंल. माझ्याच ध्यानात न्हाई राहिलं." मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. असं वाक्य मिळालं की आम्हा विद्यार्थ्यांना हरखून जायला होतं, खोटं कशाला बोलू.

मग अंगठा. पॅड सुकलेलं, पहिला पुसटच उठला. तिनं तो डोक्याला पुसला आणि पुन्हा त्याच जागी दाबून दिला. आणि विचारलं, "ताई, कार्ड कवा येईल?"

मी म्हणाले, "येईल."

हेच ते. एवढाच शब्द. सगळा कबुलीजबाब तीन अक्षरांचा आहे. ती हसली आणि भिंतीला धरून उठली. पुढच्या पाच दिवसांत माझ्या चाळीस मुलाखती पुऱ्या झाल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मी बीडला मॅडमच्या केबिनमध्ये होते. संमतीपत्रांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला होता, त्या एकेक पान उलटून बघत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. गावातली आशा कार्यकर्ती, रेखाताई. तपासणीच्या कार्डाची नोंदणी आली होती, यादी त्याच दिवशी संध्याकाळी बंद होणार होती, आणि आठ-दहा बायका काही केल्या नाव देईनात. का, तर त्यांचा फॉर्म आधीच भरलाय. दोनदा भरला की दोन्ही रद्द होतात, अशी त्यांना धास्ती. आणि त्यांचं काही चूक नव्हतं बरं का. दुसऱ्या एका योजनेत खरंच तसं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. रेखाताईनं फोन सुमनबाईच्या हातात दिला. ती म्हणाली, "ताई, आपला फॉर्म कार्डाचाच हाय ना?"

समोर मॅडम. त्यांचं बोट नेमकं एका अंगठ्यावर टेकलेलं.

एक 'नाही' पुरे होतं. तुम्ही म्हणाल, बाहेर जाऊन सांगायचं. जाता आलं असतं. दार चार पावलांवर होतं. पण मॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात आलं, ह्यांना कळलं तर चाळीसच्या चाळीस फॉर्म बाद, वर्ष बाद. मी म्हणाले, "मावशी, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करते." आणि कट केला. संध्याकाळपर्यंत रेखाताईचे आणखी दोन फोन आले. मी उचलले नाहीत. यादी बंद झाली.

चार दिवसांनी मला गावात जावंच लागलं, कारण रेखाताईनं आता कॉलेजलाच कळवते म्हणून निरोप धाडला होता. त्याच ओट्यावर सगळ्या बायका बसल्या होत्या आणि रेखाताईनं सगळ्यांदेखत मला विचारलं, हा फॉर्म कसला आहे हे तुम्ही सांगितलं होतं का नाही? सरळ प्रश्न. मी हक्काचं शिकणारी, पेपरात पहिली आलेली. मी म्हणाले, "मी प्रत्येकीला सगळं वाचून दाखवलंय. त्यांचा गैरसमज झाला असेल."

आवाज जराही कापला नाही माझा. आपण इतकं सफाईनं खोटं बोलू शकतो हे तेव्हा कळलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग सुमनबाई म्हणाली, "ताईनं वाचलं आसंल. माझ्याच ध्यानात न्हाई राहिलं."

तेच वाक्य, शब्दाला शब्द. रेखाताई चिडून निघून गेली. बायकाही पांगल्या. मी दीडची एसटी पकडली आणि घरी येऊन जेवले, व्यवस्थित जेवले.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी चौथ्या प्रकरणातलं एक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. कुठलं, ते ओळखलंच असेल तुम्ही. म्हणाले, या एका वाक्यात सगळा प्रबंध आहे, ज्याचा हक्क डावलला त्यालाच ती आपली चूक वाटते. मॅडमनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी मान खाली घातली, ते सगळ्यांना नम्रपणाचं वाटलं. प्रथम श्रेणी मिळाली. त्या जोरावर नोकरी मिळाली. आता एका संस्थेत मी नव्या पोरा-पोरींना फील्डवर्क शिकवते, आणि हो — संमती कशी घ्यायची हेही मीच शिकवते. लघुप्रबंध कॉलेजच्या लायब्ररीत आहे. परिशिष्टात सुमनबाईचा अंगठा आहे, एकावर एक दोनदा उठलेला.

सुमनबाई त्या वर्षी तशीच तोडीला गेली आणि निम्म्या हंगामात परत आली. मोळी उचलेना. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाईची जागा रिकामी राहून चालत नाही. तिच्या जागी नववीतली पोरगी गेली बापाबरोबर. पुन्हा शाळेत आली नाही. हे मला रेखाताईनं सांगितलं नाही, ती माझ्याशी बोलत नाही. अप्पांना दुकानात कळलं आणि त्यांनी जेवताना सांगितलं, इतर बातम्या सांगतात तसं. कार्ड असतं तर सुमनबाई बरी झाली असती का? कोण जाणे. या प्रश्नाच्या आडोशाला मी लई वर्षं बसले. आता तो बाजूला ठेवते.

तर, गेल्या महिन्यातला बाजार. माहेरी गेले होते. कुणीतरी मागून दंडाला हात लावला, बघते तर सुमनबाई. वाळून गेलेली, पण तोंडभर हसू. म्हणाली, पास झालतात ना तुमी? मी हो म्हणाले. नोकरी लागली का? हो म्हणाले. लई बरं झालं, म्हणाली, आणि खरंच तिला बरं वाटलं होतं. पोरीचं लग्न करून दिलंय, आता पोरगी अन् जावई मिळून कोयता धरतात, असंही सांगितलं. मग जरा जवळ सरकली.

"त्या टायमाला आशाताई लई बोलली तुमाला. चार बायांत तुमची मान खाली गेली. माझ्यामुळं झालं ते. माझंच चुकलं, ताई. कवाधरनं म्हणायचं व्हतं."

भोवती माणसं होती, पण ऐकत कुणी नव्हतं. ना मॅडम होत्या, ना वर्ष बुडणार होतं. काहीसुद्धा जाणार नव्हतं माझं.

मी म्हणाले, "असू द्या मावशी. होतं असं कधीकधी."

तिचा चेहरा मोकळा झाला. येते, म्हणाली आणि एसटी गाठायला निघाली. मी भाजी घ्यायला वळले.