मोठ्या तलावावरचं शवासन

सूर्यनमस्कार घालताना मध्ये शिंक आली, तर बडेबाबू पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. अकरावा असो की बारावा, शिंक आली की सगळं रद्द. आमच्या कोलार रोडच्या कॉलनीत ते सकाळी फुकट योग शिकवत, आणि सर्दीच्या दिवसांत त्या वर्गाकडे शहाणा माणूस फिरकत नसे.

मूळचे नागपूरचे, सगळी नोकरी भोपाळला, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. म्हणून सगळे बडेबाबू म्हणत; मी काका म्हणायची. कुठल्याही कामाला त्यांचं एकच म्हणणं, "रीतसर होऊ दे." घरी चहासुद्धा तसाच. आधी पाणी, मग बिस्कीट, मग कप. बिस्किटाआधी कपाला हात लावायची सोय नव्हती.

बाबांनी मला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर कॅमेऱ्याचं एक धड काम मिळव, नाहीतर बँकेच्या परीक्षेला बस. काम मिळालं ते रेहानाचं. ती मोठ्या तलावावर कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी, शिकवायची. तिला छोटा व्हिडिओ हवा होता: पुढे काठावर योग, मागे पाण्यात कयाक, वर ऊन. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर ती दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार होती. योग करायला ठरवलेली मुलगी आभाळ बघून आलीच नाही. मग मी काकांनाच स्कूटरवर घालून आणलं.

ऊन पडायचं तेव्हा काका चौथ्या नमस्कारात आणि रेहाना पार पलीकडे. ती जवळ येईपर्यंत ढग. मी म्हटलं, काका, नुसतं शेवटचं आसन करा ना. त्यांनी असं पाहिलं, की जणू मी अर्जाआधी साहेबांची सही मागितली होती. वाऱ्यानं सतरंजी उडाली, पुन्हा पहिल्यापासून. एक कुत्रं पाय हुंगून गेलं, पुन्हा पहिल्यापासून. रेहाना पाण्यातून ओरडली, "अंकलजी, थोड़ा जल्दी!" झालं, परत पहिल्यापासून.

दुपारी काका एकदाचे शवासनात आडवे झाले आणि पाऊस कोसळला. काठावरची माणसं टपरीच्या छपराखाली पळाली. काका हलले नाहीत. ढेरीवर सरी वाजत होत्या, मिशीतून पाणी ओघळत होतं, चेहरा मात्र पेन्शन मंजूर झाल्यासारखा शांत. मागून रेहाना शिव्या देत जिवाच्या आकांतानं काठाकडे वल्हवत होती. मी कॅमेऱ्यावर पिशवी धरली आणि तिथेच उभी राहून चित्रण घेत राहिले.

रेहानानं ते पाहिलं, पोट धरधरून हसली आणि तेच जाहिरात म्हणून टाकलं. लोकांनीही एकमेकांना धाडलं. तिची हिवाळ्याची बॅच भरली, पुढचं कामही तिनं मलाच दिलं. बाबांनी परीक्षेचा विषय परत काढला नाही. काका मात्र चार दिवस तापानं फणफणले. मला फार लाज वाटली.

पुढच्या वर्षी ते मुलाकडे नागपूरला कायमचे गेले. मी स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "काका, त्या दिवशी उठून पळायचं होतंत."

"मी तर पळणारच होतो गं," खिडकीतून ते म्हणाले. "एक डोळा उघडून पाहिलं, तर तू उभी. पोरगी भिजत उभी आहे म्हटल्यावर उठायचं कसं?"

गाडी सुटली. मी तरी कशासाठी उभी होते? काका उठत नव्हते म्हणून. तेवढं त्यांना सांगायचं राहून गेलं.