जाड पात्याचा हट्ट

पनवेलच्या बाजारपेठेत माझं हत्यारांचं दुकान आहे. कोयते, विळे, सुऱ्या, कानशी. रानात न्यायला सुरी हवी म्हणून गिऱ्हाईक आलं की ते आधी पातं दोन बोटांत धरून जाडी बघतं. जाड लागलं की खूश. मी काउंटरखालचा कांदा काढून त्याच्यासमोर ठेवतो. जाड पातं कांद्यात अर्ध्यापर्यंत जातं आणि अडतं; मग जोर केला की कांदा कापला जात नाही, फुटतो. पातळ पातं सरळ खालपर्यंत उतरतं. लाकूड फोडायचं असेल तर कोयता घ्या, मी सांगतो, बाकी सगळ्याला पातळ पातं. बाहेर गेलेला माणूस दिवसभर कापतो काय? दोरी, फळं, मासळी, कांदा-बटाटा. हे मी वीस वर्षं सांगत आलोय आणि ते खरं आहे.

तरी गेल्या वर्षी मी स्वतःसाठी एक जाडजूड सुरी बनवून घेतली. ती का, हे सांगायचं तर साडूबद्दल लिहावं लागेल, आणि साडूबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही.

सासऱ्यांचं घर आपट्याला, पाताळगंगेच्या काठाला लागून. त्यांना मुलगा नाही, दोन मुली. थोरली माझी बायको, धाकटी साडूची. दर हिवाळ्यात, वालाच्या शेंगा भरल्या की एका रविवारी तिथे पोपटी लागते. आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी लिहितो: मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, चिरा दिलेले बटाटे आणि रताळी, मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला ठासून मडकं जमिनीवर उपडं. भोवती लाकडं आणि पेंढा रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगा आपल्याच वाफेत शिजतात. मडकं एकदा उपडं झालं की आत काही दुरुस्त करता येत नाही, म्हणून भरणारा माणूस महत्त्वाचा. ते काम घरातल्या कर्त्याचं. आपट्याला ते सासरेच करत आले.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला होता. मीठ मडक्यापेक्षा बाहेरच जास्त सांडत होतं. तेव्हा सगळ्यांसमोर ते म्हणाले की पुढच्या वर्षापासून जावयांपैकी एकाने मडकं भरायचं. कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही.

सांगायची गरज होती काय? थोरला जावई मी. पण सासऱ्यांचं आणि माझं पहिल्यापासून जमलेलं नाही. मी मागणी घालायला गेलो तेव्हा एसटी स्टँडबाहेर गोणपाट अंथरून सुऱ्या विकत होतो. ते म्हणाले होते, ‘सुऱ्या इकनाऱ्याला पोरगी द्यायची, त्यापरीस घरात ठेवीन.’ पोरगी हट्टाला पेटली म्हणून लग्न झालं. त्या गोणपाटावरून मी दुकानापर्यंत आलो, कोणाचा हात न धरता. सासऱ्यांच्या घरावरचे पत्रे मी पनवेलच्या व्यापाऱ्याशी तीन दिवस हुज्जत घालून आणून दिले. तरी आजही ते मला ‘शेट’ म्हणतात, आणि ते कसं म्हणतात ते ऐकणाऱ्यालाच कळतं. साडू मात्र ‘जावईबापू’. त्याने काय केलंय? रोडपालीला फ्लॅट, महिन्याला पगार, शनिवार-रविवारी गट करून डोंगर चढणं. कर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाऊन आला की सासऱ्यांना फोटो दाखवतो आणि ते चष्मा लावून बघतात. माझ्या दुकानात ते अजून एकदाही आलेले नाहीत.

त्याच वर्षी साडूने ऑनलाइन मागवलेली सुरी आणली होती. म्यान चामड्याचं, मूठ काळी, आणि पात्याची पाठ अशी रुंद की त्यावर हातोडी मारावी. सासऱ्यांनी ती हातात तोलून बघितली, अंगठा पाठीवरून फिरवला आणि म्हणाले, ‘याला म्हनतात पातं. नायतर आमचे शेट. कागदासारख्या सुऱ्या इकतात.’

सगळे हसले. माझी बायकोही हसली.

मला राग आवरत नाही, हे मला माहीत आहे. मी साडूच्या हातातली सुरी घेतली, एक बटाटा उचलला आणि जाड पातं कसं फोडतं, कापत नाही, यावर चांगली दहा मिनिटं बोललो. बटाटा फुटलाही. पण बटाट्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, माझ्या आवाजाकडे होतं. साडू तेवढा मान हलवत ऐकत होता. मला वाटलं, चिडवतोय. शेवटी सासरे म्हणाले, ‘शेट, दुकान पनवेलला ठेवून या.’ त्यानंतर तासाभरातच त्यांनी ते मडक्याचं जाहीर केलं.

मग वर्षभर माझ्या डोक्यात ती सुरी. आपलं म्हणणं बरोबर आहे हे मला ठाऊक होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही हेही. सासऱ्यांना जे आवडलं होतं ते साडूकडे होतं. म्हणजे माझ्याकडे त्याहून जाड पाहिजे. हा हिशेब शहाण्या माणसाचा नव्हे, पण मत्सरात माणूस दुसऱ्याच्या मापाने कपडे शिवतो.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा निवडला. तो घेऊन हायवेच्या कडेला बसणाऱ्या एका लोहाराकडे गेलो. म्हातारा माणूस, हात चांगला. मी म्हटलं, पाठ या पाट्याएवढीच ठेवायची, एक केसही कमी नाही. तो म्हणाला, ठेवतो, पण मग पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही बाजूंनी उतार काढावा लागेल. पाठ जाड असली तरी चालतं, धारेच्या वरचं अंग पातळ पाहिजे. त्या घासण्यातच अर्धा दिवस जातो, आणि त्याचे पैसे वेगळे.

इथे माझी सवय आड आली. समोरचा किंमत सांगतो ते ऐकून मला ती पाडल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, पातं जाडच ठेवायचंय तर घासायचं कशाला? काम कमी, मग मजुरीही कमी. नुसती धार काढ. त्याने पुन्हा समजावलं. मी आवाज चढवला. तो थोडा वेळ भात्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘शेट, मग ती सुरी नाय व्हनार. पाचर व्हईल.’

मी निम्म्या मजुरीत पाचर घेऊन घरी आलो. तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

बायकोने ती हातात घेऊन बघितली. तिने एवढंच विचारलं की गिऱ्हाइकाला तुम्ही जो कांदा कापून दाखवता तो हिने कापून बघितलात का. मी नव्हता कापला. कापून बघितलं असतं तर जे कळलं असतं ते मला कळून घ्यायचं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दुपारी चारला आपट्याला पोचलो. अंगणात शेंगांचा ढीग, पाल्याचा उग्र वास, सासरे खुर्चीवर. मी नमस्कार करून लगेच सुरी काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तोलली. वजनाने मनगट खाली गेलं. ‘हां,’ ते म्हणाले, ‘शेट, ही कुठची?’ बस, तेवढ्यासाठी मी वर्ष घालवलं होतं. मी साडूकडे बघितलं, त्याची काळी मूठ कुठे आहे म्हणून.

साडूने पिशवीतून सुरी काढली. पातळ पात्याची, लाकडी मुठीची, साधी. माझ्या दुकानातली. मूठ मी लांबूनच ओळखली.

तो म्हणाला, ‘साडूभाऊ, गेल्या वेळी तुम्ही बोललात ना, मी घरी जाऊन दोन्ही प्रकारांनी बटाटे कापून बघितले. तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. डोंगरावरसुद्धा आता हीच नेतो.’

मी बायकोकडे वळलो. ती शेंगा निवडत होती. मी बाहेर गेलो असताना तो दुकानात आला होता, गल्ल्यावर ती होती आणि तिने त्याला सुरी दिली होती, लावलेल्या भावात, आणि त्याने एक शब्दही न काढता पैसे दिले होते. मला का नाही सांगितलं, मी दबक्या आवाजात विचारलं. ‘साडूचं नाव काढलं की तुम्ही ऐकता कुठे?’ ती म्हणाली.

त्याने टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. तो मनापासून बोलत होता.

थोरला म्हणून सासऱ्यांनी आधी मलाच बोलावलं. रताळी आणि बटाटे पुढे सरकवले. चिरा द्यायच्या होत्या, तुकडे करायचे नव्हते. मी पहिल्या रताळ्यावर सुरी टेकवली, दाबली, आणि ते कडकन दुभंगलं. अर्धं मातीत जाऊन पडलं. दुसरं तसंच. बटाट्याचे तीन झाले. कोंबडीला चिरा देऊ गेलो तर पातं कातडीवरून घसरलं, आणि जोर केल्यावर मांस चेचलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो तरी असतो. सासरे माझ्या हाताकडे बघत होते, आणि मला त्या लोहाराचा भात्याकडे बघणारा चेहरा आठवत होता.

‘शेट, तुमी लाकडं फोडा,’ सासरे म्हणाले. मग साडूकडे वळून, ‘या, जावईबापू.’

मी लाकडं फोडली. बाभळीचा गाठीचा ओंडका, पात्याच्या पाठीवर दांडक्याचा एक तडाखा, आणि दोन फाका. त्या कामाला ती सुरी अप्रतिम होती. बघायला कोणी नव्हतं.

साडूने चिरा दिल्या, सरळ, एकसारख्या. पाला ठासला, थर लावले. मग मिठाची मूठ भरून तो थांबला. सासऱ्यांना डुलकी लागली होती. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, ‘किती, साडूभाऊ?’

पंधरा वर्षं मी त्या मडक्याशेजारी बसून सासऱ्यांचे हात बघितलेत. किती मूठ ते मला झोपेतही सांगता येईल. आणि मला हेही माहीत होतं की मी एक मूठ जास्त सांगितली, तर उपडं झालेलं मडकं पुन्हा कोणी उघडून बघणार नाही. पुढच्या वर्षीचा प्रश्न तिथेच मिटला असता. शब्द माझ्या तोंडात तयार होता. हातातली लाकडाची फाक मी इतकी आवळली की तळहातात कुसळ रुतलं.

मी बरोबर आकडा सांगितला. चांगुलपणाने नव्हे. शेंगा वालाच्या होत्या, भरलेल्या, आणि नासवल्या असत्या तर मलाही त्याच खाव्या लागल्या असत्या. आणि माहीत असलेली गोष्ट चुकीची सांगायला जीभ वळेना.

मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र करून उडालं, म्हणजे पोपटी झाली. सासऱ्यांनी पहिली शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले की मीठ नेमकं पडलंय. साडूने लगेच सांगितलं की साडूभाऊंना विचारून घातलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी वाट बघत होतो.

‘मग बरं हाय,’ ते म्हणाले. ‘पुढल्या साली पन जावईबापू भरतील. शेट सांगतील.’

शेंगा चांगल्या झाल्या होत्या. कुठे काही कमी पडलंय का ते मी शोधत खाल्ल्या, आणि सापडलं नाही.

आता पुन्हा वाल लागलाय. काल साडूचा फोन आला. यंदा मडकंही तोच घेणार आहे, कसं निवडायचं म्हणून विचारत होता. बोटाने वाजवून बघ, मी सांगितलं, आवाज खणखणीत पाहिजे, आणि कुंभार सांगेल त्या पहिल्या भावाला हो म्हणू नकोस. बरं, तो म्हणाला, इतक्या नम्रपणे की माझं डोकं फिरलं. हा माणूस जाणार, कुंभार सांगेल तेवढे पैसे काढून देणार, आणि वर धन्यवाद म्हणणार. मान त्याचा, मडकं त्याचं. पण कुंभाराने त्याला लुबाडलेलं मला बघवलं नसतं.

‘थांब,’ मी म्हटलं, ‘रविवारी मी येतो तुझ्याबरोबर.’