मेलेली डिस्क नाव सांगत नाही

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. कॉलेजात कॉपी करताना पकडलो होतो ते, आणि सासऱ्यांच्या स्कूटरचा आरसा मीच फोडला तेही. हे एवढं मात्र तिच्यापुढं तोंडातून निघालं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर शिसारी उमटताना बघायची माझ्यात हिंमत नाही. माझी मला येते तेवढी पुरे.

अकोल्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. वऱ्हाडात सकाळी पेपर उघडायला हात धजत नसे, त्या वर्षांतली ही गोष्ट. कापसानं दगा दिलेला, लग्नं पुढच्या सालावर ढकललेली. वीज जायची, आणि येताना असा झटका देऊन यायची की लोकांच्या मशिनी जळायच्या. माझं बरं चाललं होतं. भाऊनं पाहिलं म्हणजे पाहिलं, असं गिऱ्हाईक म्हणायचं — आणि मी ते ऐकून फुगायचो.

रुकैयाबाजी तेल्हाऱ्याच्या. घरीच लग्नपत्रिका करायच्या, मराठी आणि उर्दू दोन्ही. त्यांचे वडील कातिब होते, म्हणजे बोरूनं सुंदर उर्दू अक्षर लिहिणारे. म्हातारपणी त्यांचा हात कापायला लागला, तेव्हा बाजींनी त्यांच्याकडून बिस्मिल्ला, नवरा-नवरीची नेहमीची नावं, वेलबुट्ट्या असं सगळं लिहवून घेतलं आणि स्कॅन करून ठेवलं. म्हातारा गेला. मूळ कागद एका पावसाळ्यात पडलेल्या भिंतीखाली गेले. आता ती अक्षरं होती फक्त बाजींच्या कॉम्प्युटरमध्ये. लग्नं कमी झाली होती, तरी बाजींचं दार लोक वाजवायचे ते त्या अक्षरासाठीच.

एकदा वीज आली आणि त्यांचा मदरबोर्ड जळाला. एसटीनं आल्या, मशीन चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलेलं. टेबलावर ठेवताना म्हणाल्या, "भाऊ, बाकी जळालं तं जळू द्या. अब्बांचा हात आहे त्याच्यात, तेवढा वाचवा."

मी नवा बोर्ड टाकला आणि त्यांची जुनी डिस्क जोडली. विंडोज सुरू होईना, नुसता निळा पडदा. म्हटलं, विंडोज एक्सपी नव्यानं टाकू. बाजींचा उर्दूचा प्रोग्राम एक्सपीवरच चालायचा, आणि त्यांचं काम डिस्कच्या दुसऱ्या भागात होतं, त्याला धक्का लागणार नव्हता. सीडी फिरली, बराच वेळ फिरली, आणि शेवटी म्हणे — हार्ड डिस्क सापडत नाही. केबल बदलली. सीडी बदलली. तेच.

कारण साधं होतं. नवा बोर्ड डिस्कशी नव्या पद्धतीनं बोलत होता, आणि त्या पद्धतीचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत कळणारा छोटा प्रोग्राम, एक्सपीच्या सीडीत नव्हताच. बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनी पद्धत निवडली की झालं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. माहीत नसणं गुन्हा आहे का? नाही ना? इथपर्यंत मी तुमच्यापुढं ताठ मानेनं उभा राहीन.

पण मला एक गोष्ट दिसली होती. मशीन सुरू होताना पडद्यावर क्षणभर त्या डिस्कचं नाव यायचं. मेलेली डिस्क आपलं नाव सांगत नाही — एवढं मला नक्कीच कळत होतं. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली. बाजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. 'मला जमून नाही राहिलं', एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

"डिस्क गेली, बाजी," मी म्हणालो.

त्यांनी चादरीची घडी केली. मग हळूच म्हणाल्या, "अमरावतीले दाखवू का कोणाले?"

"कायले हेलपाटे घालता? मेली ते."

नवी डिस्क घेतली की जुनी दुकानातच ठेवून घ्यायची, अशी आमची रीत. बाजी मशीन आणि ती डिस्क माझ्याकडे सोडून डोळे पुसत गेल्या. मी नवी डिस्क लावली, एक्सपीची सीडी घातली — आणि तीही सापडेना! कोरी करकरीत डिस्क! अमरावतीच्या एका दोस्ताला फोन लावला. तो हसला आणि सेटिंग सांगितलं. बदललं, चाललं. मग मी जुनी डिस्क जोडली. उघडली. सगळं जागच्या जागी होतं. मला उर्दू वाचता येत नाही, तरी शेवटच्या अक्षरांत हात कुठं कुठं कापला ते दिसत होतं.

तेल्हाऱ्याला एक फोन करायचा होता. बस्स. बाजी आनंदानं रडल्या असत्या, मला दुवा दिला असता. पण मला काय दिसलं? अकोल्याच्या त्या शहाण्यानं जितीजागती डिस्क मेली म्हणून सांगितली, असं बोलणारी तोंडं. थोडे दिवस हसले असते लोक. तेवढ्यासाठी —

मी ती फॉरमॅट केली.

आणि खरी घाण पुढं आहे. फॉरमॅट केलेलं परत आणता येतं. मी स्वतः लोकांचं आणून दिलेलं आहे. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र येत नाही. म्हणून तर मी ती डिस्क भरली. सिनेमे, गाणी, गेम, जे हाताला लागलं ते काठोकाठ कोंबलं. पुसली, परत भरली. राग नव्हता, लोभ नव्हता. चहा पीत पीत केलं हे. 'कशीबशी वाचवली बाजी' असं सांगून मला मोठेपणाही घेता आला असता, हे दुसऱ्या दिवशी सुचलं. चांगलं खोटंसुद्धा मला वेळेवर सुचलं नाही.

पुढं बाजींच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला त्या स्वतः दुकानात आल्या. वर बिस्मिल्ला होती, कॉम्प्युटरमधली, तयार, गुळगुळीत. "अब्बांचा हात पाहिजे होता हिच्या पत्रिकेवर," त्या म्हणाल्या. "नाही नशिबात. तुमी तं लय कोशिश केली, भाऊ."

मी मान हलवली. लग्नाला गेलो. तिथं त्यांनी चार पाहुण्यांना माझी ओळख करून दिली — आमचे अकोल्याचे भाऊ, लय भला माणूस. मी बिर्याणी दोनदा मागून खाल्ली.

ती डिस्क अजून चालते. माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. माझ्या पोरीच्या बारशाचे फोटो तिच्यावर आहेत. त्यांची दुसरी प्रत मी वेगळी काढून ठेवली आहे.