आईचं नाव लाव

घमेलं पालथं घालायचं, त्यावर बसायचं, पदर कमरेला खोचायचा आणि समोरचा कितीही तावातावाने बोलत असला तरी त्याला म्हणायचं, "आदी पानी पे. मंग भांड." तिची ही रीत मी घोडेगावजवळच्या पाझर तलावाच्या कामावर पहिल्यांदा पाहिली. तावातावाने बोलणारी अर्थात मीच होते.

दुष्काळाची वर्षं. मी नगरच्या कॉलेजात होते. वडिलांचा लहानसा छापखाना होता आणि पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले होते. त्या दिवशी पिशवीभर पत्रकं घेऊन मी एस.टी.ने तलावावर गेले आणि भर उन्हात समतेवर बोलू लागले. दहा मिनिटांत घसा बसला. तांब्या माझ्या हातात देत ती म्हणाली, "कागद कुनाला वाटती? वाचता कुनाला येतंय? तू वाच, आमी माती टाकत ऐकतो."

सगळे तिला आक्का म्हणत. पस्तिशीची असेल. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ती भावाकडे निघून आली होती. मी समतेवर बोलायला गेले त्याच्या दोन महिने आधीच तिने समता त्या तलावावर आणली होती. कशी, ते बायकांनी मला सांगितलं.

त्या कामावर नवरा-बायकोची जोडी धरत. गडी खोदणार, बाई माती वाहणार. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव मात्र गड्याचं आणि पुढे नुसतं 'जोडी'. तुमच्यापैकी कुणी असं मस्टर पाहिलं असेल, तर आठवून बघा, तेव्हा त्यात काही खटकलं होतं का? खरं सांगते, दुसऱ्या कामांवर मी तसं मस्टर पाहिलं होतं, मला खटकलं नव्हतं.

कारकुनाने आक्काला भावाच्या जोडीत घातलं. तिने घमेलं पालथं घातलं.

"बरं, नवऱ्याचं नाव सांग. निराळं लिहितो," कारकून वैतागून म्हणाला.

"त्यो कुटं कामावर हाय? मी हाय. माझं लिव."

"नुसतं नाव कसं लिहू? पुढं कुणाचं तरी लागतंच ना बाई."

"मंग आईचं लाव. तिनं न्हाई मला टाकलं."

कारकून हसला. तीन दिवस ती तशीच बसून राहिली आणि तीन दिवस तिचा खाडा पडला. चौथ्या दिवशी तलावावरच्या सगळ्या बायकांनी घमेली पालथी घातली. गडी खोदत राहिले, माती तिथेच साचत गेली, शेवटी कुदळ मारायला जागा उरेना. दुपारी साहेब आले, ढीग पाहिला आणि कारकुनाला म्हणाले, "लिही बाबा, काय सांगतात ते."

तेव्हापासून रोज सकाळी प्रत्येकीच्या नावाची हाक व्हायची आणि प्रत्येक जण ओरडून सांगायची, "हाय!" एकीला तर पहिले दोन दिवस आपल्याला हाक मारली हेच कळलं नाही. सासरी तिला सगळे थोरली म्हणत. आक्का शेजारून कोपर मारायची, "अगं, तूच ती!"

पुढे नगरच्या आमच्या महिला मंडळाने बायकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या बाईला पुरस्कार द्यायचं ठरवलं. पहिलंच वर्ष. बऱ्याच जणींना एका वकीलसाहेबांच्या पत्नीला द्यायचा होता, कारण त्या बोलतात छान. मी बैठकीत भांडले, दोनदा उठून निघाले, दोनदा परत आले. शेवटी आक्काचं नाव ठरलं.

सांगायला गेले तर ती म्हणाली, "मान माझ्या एकलीचा कसा? घमेली समद्यांनी पालती घातली. समद्या येतील."

मानपत्र मी लिहिलं. 'रणरागिणी' लिहिलं, 'क्रांतीची मशाल' लिहिलं. पूर्ण नाव हवं म्हणून तिच्या भावाला कार्ड टाकलं. त्याने कळवलं ते तसंच्या तसं वर उतरवलं. वडिलांनी स्वतः छपाईचे खिळे जुळवले, मी तीनदा प्रूफ वाचलं. विशेषणं तपासली. नाव तपासलं नाही.

समारंभाला आक्का आली, बरोबर बारा जणी. सगळ्या धुतलेल्या लुगड्यांत खुर्च्यांवर अवघडून बसल्या. मी काचेची चौकट हातात धरून खड्या आवाजात नाव वाचलं. कुणी उठलं नाही. मी आणखी मोठ्याने वाचलं. आक्का दुसऱ्या रांगेतून माझ्याकडे पाहत होती, जागची हलली नाही.

"आल्या नाहीत का?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

मागून कुजबुज आली, "बये, त्या मेल्याला कशाला हाक मारती ही?"

मी चौकटीकडे पाहिलं. तिच्या नावापुढे तिच्या नवऱ्याचं नाव होतं. ज्या कारकुनाला मी गावोगाव नावं ठेवत फिरले, त्याचंच काम मी सोनेरी शाईत केलं होतं. आता ही उठून निघून जाईल, बारा जणी तिच्यामागे जातील, आणि तेच बरोबर होईल, असं वाटलं.

"पोरी," आक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "आदी पानी पे."

सभागृह हसलं. मी टेबलावरचा पेला घटाघटा रिकामा केला. मग चौकट खाली ठेवली आणि हाक मारली. तिचं नाव, पुढे तिच्या आईचं.

"हाय!"

ती उठली, आणि मागे बसलेल्या बारा जणींना हजेरीची सवयच ती. दुसरी आपलं नाव सांगून ओरडली, "हाय!" मग तिसरी, मग चौथी. बाराही जणींची हजेरी झाली तेव्हा अध्यक्षीणबाई डोळे पुसत होत्या आणि मी मूर्खासारखी हसत होते.

शाल आणि नारळ तिने घेतला. चौकट मात्र माझ्याकडे परत दिली. "ह्ये नीट करून आन. त्येला भितीला लावायची न्हाई मी."

रागावली होती का? मला कळलं नाही. वडिलांनी नवीन प्रत छापली. माझी परीक्षा आली, दिवस गेले. चौकट घेऊन तिच्या भावाच्या घरी पोचले तेव्हा ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली होती. त्यानंतर ती मला भेटली नाही.

"आलीस व्हय!" भावजय म्हणाली. "ती म्हनलीच हुती, पोरगी आनल. जाताना खिळा ठोकून गेली."

खिळा चुलीसमोरच्या भिंतीत होता, अगदी खाली, माझ्या कमरेइतका.

"इतका खाली?"

"भाकरी थापताना दिसाया पायजे म्हनली."

मी चौकट टांगली. भावजयीने काचेवर बोट ठेवून विचारलं, "सासूबाईंचं नाव कुटलं?" मी दाखवलं. मग चुलीपुढे बसून पाहिलं. नाव बरोबर डोळ्यांसमोर येत होतं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तिला न विचारता एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे.