एकविसाव्या पानावरच्या चांदण्या

आमच्या वाचनालयात जुन्या वाचकांची एक सवय आहे. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून जो तो आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करतो. सुमतीबाईंचं पान एकविसावं आणि खूण चांदणीची.

परवा त्यांनी परत केलेली ऐतिहासिक कादंबरी मी घेतली. किल्लेदाराची लेक आणि शत्रूच्या छावणीतला, घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद यांच्या प्रेमाची. एकविसाव्या पानावर नऊ चांदण्या!

"अहो सुमतीबाई, नऊदा वाचलीत?"

त्या ओशाळल्या. मग हळूच म्हणाल्या, "शंभर पानं नुसती भांडतात हो ती दोघं. आमच्याकडे तेवढंही नाही. मी 'पानं वाढलीत' म्हणते, हे येऊन बसतात. संपलं."

घरी वाचताना कळलं, कादंबरीतल्या त्या दोघांचं काहीच जुळत नाही, म्हणून ती एकमेकांना विचारत राहतात, तू कोण, कुठला, असा का बघतोस. माझी नि ह्यांची पत्रिका जुळली, घराणी जुळली, उंचीसुद्धा जुळली. विचारायचं काही उरलंच नाही.

आज दुपारी कादंबरी संपली तेव्हा राहवलं नाही. ह्यांना म्हटलं, "मी कशी आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

ह्यांनी पेपर जरासा खाली केला. "हे काय आता मधेच? चहा टाकतेस का?"

चहा टाकला. कप ह्यांच्यापुढे ठेवला. मग माझं ठरलेलं पान सोडून सुमतीबाईंच्या चांदण्यांशेजारी माझी एक फुली मारली आणि पुन्हा पहिलं पान उघडलं.