दोन हाका

आणीबाणी उठली त्या वर्षी मी माधवनगरच्या एका गिरणीतून निवृत्त झालो. पस्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यानं विणकाम खात्यातल्या सगळ्यांसारखे माझेही कान मंद झाले होते, पण लोक समजत तितके नाही. घरी ते मला सोयीचंच होतं. निवृत्तीनंतर पत्नी पुढ्यात निवडायच्या तांदळाचं सूप ठेवून म्हणायची, "आवं, बसूनच हायसा, तेवढं खडं निवडा की." गिरणीत माझ्या नुसत्या हाताच्या खुणेवर माणसं हलायची; त्याच हातांनी खडे निवडायचे? मी वर बघत नसे. "कानात गिरणी बसलीया ह्यांच्या," असं हसून ती सूप परत नेई.

एका सकाळी परसातून तिची हाक आली. "आवं, जरा येतासा का?" थोड्या वेळानं पुन्हा, जरा हलकी. सूपच असणार, असं समजून मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. चहा का आला नाही म्हणून उठलो, तेव्हा ती न्हाणीच्या दगडाशी पडलेली होती. संध्याकाळी गेली. "बिचाऱ्यांना ऐकूच आलं नाही," असं सगळे म्हणाले, मुलगासुद्धा. मीही होकारार्थी मान हलवली. आज लिहितो : मला दोन्ही हाका ऐकू आल्या होत्या.

वर्षश्राद्ध झाल्यावर वडूजजवळच्या तिच्या माहेरी, सिद्धनाथाच्या देवळात गेलो. देवापुढं हात जोडले आणि ओवरीत येऊन बसलो. तिथं एक अनोळखी म्हातारी प्रसादाचे तांदूळ निवडत होती. तिनं सूप माझ्याकडे सरकवलं. "आवं पावणं, बसूनच हायसा, तेवढं खडं निवडा की."

तेच शब्द. मी त्या बाईला सगळं सांगून टाकलं. तिनं समजूत घातली नाही, दोषही दिला नाही. एवढंच म्हणाली, "आज हाक ऐकलीसा न्हवं? मग निवडा. मान्सं जेवायची थांबल्यात."

मी निवडत बसलो. डोळ्यांतल्या पाण्यानं खडा कुठला, दाणा कुठला, दिसत नव्हतं. तिनं ते सूप पुन्हा निवडलं.

तो योगायोग होता की आणखी काही, मी विचारत नाही. परतल्यावर मुलाला खरं सांगितलं. दोन महिने तो बोलला नाही. आता बोलतो, जेवढ्यास तेवढं. ते मला मान्य आहे. रोज सकाळचं सूप आता माझं असतं. सुनेनं "मामंजी" म्हटलं की मी पहिल्या हाकेला उठतो. कधी कोणी हाक मारलेलीच नसते, तरी उठून परसापर्यंत जाऊन येतो. देव उठायला लावतो, एवढी त्याची कृपा मला पुरते.