उस्मानला मिळालेले दिवस

उस्मान गेल्याचं मला शाळेत कळलं. देऊळघाटहून त्याचा धाकटा भाऊ सायकलवर आला, वर्गाच्या दाराशी थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, भाई गेला." मी "बरं" म्हणालो आणि फळ्यावरचं गणित पुरं केलं. असं का वागलो, सांगता येत नाही... रडू तेव्हा आलं नाही, अजूनही येत नाही.

आम्ही लहानपणी शाळेत शेजारी बसायचो. पुढे मी बुलढाण्यात मास्तर झालो, तो शेतीत राहिला. शंकरपटात पळणाऱ्या बैलांसाठी त्याचं नाव होतं. गोऱ्हा निवडावा, खच्ची करवावा आणि पळायला शिकवावा तर उस्माननेच, असं लोक म्हणत. दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास त्याची लघवी अडू लागली. मग कंबर धरली. पुढे तर खाटेवरून उठवेना, तेव्हा मी आणि त्याची बायको जैनबभाभी त्याला मलकापूरहून रेल्वेने नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरांनी कंबरेचा फोटो काढला, रक्त तपासलं. रक्तातलं कसलंसं द्रव्य फार वाढलं होतं. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरला होता. पुरुषाच्या अंडांत जो रस तयार होतो तोच या रोगाला पोसतो, अंडं काढली की दुखणं ओसरतं, असं नवं शास्त्र निघालं होतं. "कोणाला वर्षं मिळतात, कोणाला महिने. यांना किती, ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले.

उस्मान छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मले खच्ची करता." डॉक्टरांनी मान डोलावली. "किती गोऱ्हे करवले म्या... एकालेही इचारलं नाही." डॉक्टर गेल्यावर त्याने माझं मनगट धरलं. "मास्तर, मी तयार आहो. पण जैनबले तू सांग. माह्या तोंडून निंगत नाही."

भाभी व्हरांड्यात बसल्या होत्या. मी अडखळत सांगू लागलो. त्यांनी मला अर्ध्यातच थांबवलं. "जिते राह्यतील ना?"

"राहील... काही दिवस."

"मंग मले इचारता काऊन?"

शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत तो काठीशिवाय चालू लागला. रक्तातलं ते द्रव्यही उतरलं. गावात मात्र कुजबुज सुरू झाली. पारावर कोणी हसलं तेव्हा उस्मान त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "हाव, केलं मले खच्ची. पण चालून राह्यलो ना बे?" त्यानंतर कोणी हसलं नाही. त्याच्या अंगातून एकाएकी वाफा निघत, भर थंडीत सदरा भिजे. भाभी त्याला वारा घालत म्हणत, "चाळिशीनंतर मलेही असंच होत होतं. तवा हे म्हणत, नखरे करते." तो ओशाळून हसे. दाढी विरळ झाली होती, आवाज हळू झाला होता. त्या दोघांना इतकं जवळ बसलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

दोन हिवाळे असे गेले. मग कंबर पुन्हा धरली. नागपूरला चल म्हणालो, तर मान हलवून म्हणाला, "भेटलं तेवढं भेटलं, मास्तर."

परवा देऊळघाटला गेलो. भाभींनी त्याची गादी अंगणात उन्हात टाकली होती. घामाने ओली व्हायची म्हणून रोज टाकत, तशीच. "अजून टाकता?" मी विचारलं. "हो... सकाळ झाली का हात आपोआप उचलते." ऊन कललं तेव्हा त्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं. गादी कोरडी होती. आम्ही ती आत नेली आणि खाटेवर अंथरली.